पायरीखालची खरेदी

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी विद्यार्थ्यांचे एक अभ्यासशिबिर भरले होते. एका प्राध्यापक वक्त्यांनी तावातावाने मांडले की, आपल्या पोरांना महागड्या बुटांचे वेड लागले आहे. दोनशे रुपयांच्या चपलेत भागत असताना दोन हजारांचा बूट घेणारा तरुण भांडवलदाराचा गिऱ्हाईक होतो, चळवळीचा कार्यकर्ता होत नाही. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतली एक विद्यार्थिनी उठली आणि तिने विचारले, "सर, मग कोणत्या वस्तूवर जास्तीचे पैसे घालायचे आणि कोणत्या वस्तूवर नाही, हे आपण ठरवायचं कसं?" वक्ते म्हणाले, गरज आणि चैन यांतला फरक ओळखला की झाले. मुलगी खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते आणि माझेही झाले नव्हते. शिक्षकी पेशात हयात गेल्यामुळे अर्धवट राहिलेले उत्तर मला झोपू देत नाही. म्हणून हा लेख.

गरज आणि चैन ही विभागणी अर्थशास्त्राच्या पुस्तकात सोपी दिसते. परंतु ज्यांची गरज कोणती आणि चैन कोणती हे शतकानुशतके दुसऱ्यांनीच ठरविले, त्यांना ती तशी सोपी राहत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाच्या संसाराची यादीच दिलेली आहे. अंगावर प्रेताची वस्त्रे, जेवायला फुटकी भांडी, दागिना लोखंडाचा. त्याच अध्यायात पुढे, शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये, असेही सांगितले आहे. ही दोन वचने एकत्र वाचली पाहिजेत. एकात हलक्या प्रतीची वस्तू नेमून दिली आहे. दुसऱ्यात चांगली वस्तू घेण्याची ऐपतच येऊ नये याची तजवीज आहे. मराठीत आपण वस्तूच्या प्रतीला 'दर्जा' म्हणतो आणि माणसाच्या समाजातल्या जागेलाही 'दर्जा'च म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा मूळ अर्थच मुळी 'पायरी' असा आहे.

हे पोथीतच राहिले असते तर बोलण्याचे कारण नव्हते. महारकीच्या हक्कांत मढ्यावरचे कापड होते, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. खळ्यावर साऱ्यांची धान्ये भरून झाली की मातीत मिसळलेले शेवटचे धान्य बलुते म्हणून पदरात पडे. मराठीत एक म्हण आहे, धर्माची गाय आणि दात का नाय. ही म्हण आमच्या लोकांना फार ऐकवली गेली. पण बलुते हा धर्म नव्हता. रात्रंदिवस केलेल्या कामाची ती मजुरी होती. मजुरी पैशात न देता वस्तूत देण्याचा हेतूच हा, की घेणाऱ्याने वस्तूची प्रत पाहू नये. रोख पैसा हातात आला तर माणूस निवड करतो, आणि निवड करणारा माणूस गावगाड्याला नको होता. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली, तेव्हा आमच्या वाड्यात काही म्हाताऱ्यांना चुकल्यासारखे वाटले होते. माझ्या आजीला वाटले नाही.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. गावात किराणा आणि कापड मिळून दुकान एकच, आणि त्याला तीन पायऱ्या. आजी सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली उभी राही. पैसे पायरीवर ठेवायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचलणार आणि माल वरून पदरात टाकणार. हे चित्र आपल्या आत्मकथनांतून अनेकदा आलेले आहे. मला त्यातल्या ज्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे ती फारशी बोलली जात नाही. वस्तूची पारख ही हाताने होते. जोंधळा पोत्यात हात खुपसून, तळातले चार दाणे काढून दाताखाली धरावे लागतात. कापड चुरगाळून पाहावे लागते; खळ भरपूर घातली की विरविरीत कापडही जाड भासते, आणि ती खळ बोटांनाच कळते. पितळी भांड्यावर टिचकी मारावी लागते. मडके वाजवून घ्यावे लागते. ज्याच्या हाताला मज्जाव आहे त्याने हे कसे करायचे? अस्पृश्यता ही देवळाची, विहिरीची आणि शाळेची बंदी होती, तशीच ती पारखीची बंदी होती.

आणि गंमत अशी की, आजीइतकी जोंधळ्याची पारख त्या गावात कुणाला नव्हती. गावाची खळी तिने झाडली होती, साऱ्या गावाचे धान्य पाखडले होते. घरी येऊन पदर सुपात रिकामा केला की बघताबघता ती सांगे, इतके खडे, इतके किडके, हे मागच्या सालाचे. भाव मात्र तिला नव्या धान्याचाच लागलेला असे. मी लहानपणी तिला विचारले होते, "आजी, मग परत का नाही नेऊन देत?" ती म्हणाली, "शिवल्यालं परत कोन घेतंय रं लेकरा?"

या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. माल हातात येईपर्यंत तो पाहता येत नाही, आणि हातात आला की तो बाटतो, म्हणून परत करता येत नाही. दुकानात न खपणारा माल खपविण्याची याहून पक्की व्यवस्था कोणी शोधून काढली नसेल. दलित गिऱ्हाईक हलका माल घेते, कारण त्याला हलकाच माल आवडतो, असे गावचे लोक म्हणत. चहाच्या हॉटेलात वेगळ्या ठेवलेल्या कान तुटक्या कपाचेही असेच होते. कप फुटका, पण चहाचा पैसा पुरा.

आता जास्तीचे पैसे मोजण्याचा विचार करू. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडील नोकरीनिमित्त बाहेर होते. मुलांना त्यांनी सुटीत बोलावले. मुलांनी साताऱ्याहून निघताना मोठी तयारी केली. विलायती पद्धतीचे नवे सदरे, चकचकीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. म्हणजे सुभेदारांच्या घराने त्या प्रवासासाठी ऐपतीप्रमाणे उत्तम प्रतीच्या वस्तू घेतल्या होत्या. मसूर स्टेशनावर ही मुले उतरली. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची वाटली आणि तो आपुलकीने विचारपूस करू लागला. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले भाडे घेऊन यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार.

मसूर आमच्या भागातले स्टेशन. मी त्या फलाटावर कितीदा उतरलो आहे, आणि दरवेळी या हिशेबाशी अडखळलो आहे. बाजाराचा साधा नियम असा की, जास्त मोजावे आणि सरस मिळवावे. येथे दुप्पट मोजून निम्मे मिळाले. गाडीवानाची मेहनत वजा झाली, पाणी मिळाले नाही, रात्रीची भीती पदरात पडली. ते जास्तीचे भाडे वस्तूच्या दर्जाचे नव्हते. मुलांच्या दर्जाचा तो दंड होता. आमच्या खरेदीचा इतिहास लिहायचा तर या दोन रकमा वेगळ्या मांडल्या पाहिजेत. एक रक्कम चांगल्या वस्तूसाठी आपण खुशीने देतो ती. दुसरी, जातीपायी आपल्याकडून उकळली जाते ती. अभ्यासशिबिरातल्या वक्त्यांनी दोन्हींची बेरीज करून तिला उधळेपणा म्हटले.

कपडे चांगले होते म्हणून मुलांना घटकाभर माणुसकी मिळाली, हेही त्या प्रसंगातून दिसते. हे सवर्णांनाही कळत होते, म्हणून तर चांगल्या वस्तूंवर त्यांची इतकी बारीक नजर. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी जी उदाहरणे दिली आहेत ती या दृष्टीने पुन्हा वाचावीत. १९२८ साली इंदूर भागातील बलाई लोकांवर गावोगावच्या सवर्णांनी नियम लादले. जरीकाठी पागोटे घालायचे नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावात, बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य घरांतल्या स्त्रिया मातीची घागर सोडून धातूच्या भांड्याने पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी यात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातभाईंना जेवण दिले आणि त्यात तूप वाढले; लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने अन्न नासले. धोतराचा काठ, पाण्याची घागर, पानातले तूप. यांतली कोणती वस्तू चैनीची होती? मातीची घागर महिन्यात फुटते आणि तांब्यापितळेची पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. झानूच्या त्या बायांनी शहाणपणाची खरेदी केली होती.

अशा परिस्थितीत 'कशावर जास्त घालायचे' या प्रश्नाला आपल्या इतिहासात पहिले जाहीर उत्तर मिळाले ते महाडला, असे मी मानतो. डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी मनुस्मृती जाळली गेली हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, त्याकडे मात्र आपले अभ्यासक घाईने बघतात. त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली. ज्या नेसण्यावरून, ज्या दागिन्यांवरून जात ओळखू येते ते टाका, असे बजावले. कोपरापर्यंत हात भरणाऱ्या कथलाच्या आणि चांदीच्या गोठपाटल्या, गळ्यातल्या गळसऱ्यांची रास, यांची गरज नाही. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर मुळीच घालू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. कपडे फाटके असले तरी चालतील, स्वच्छ हवेत. मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका. मुलींना शाळेत घाला. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी त्या बायांना नव्या पद्धतीने लुगडी नेसवायला मदत केली, आणि आल्या त्याहून वेगळ्या वेशात त्या आपापल्या गावी परतल्या.

हे भाषण मी अर्थशास्त्राचे भाषण म्हणून वाचतो, आणि ते देणारा माणूस अर्थशास्त्राचा डॉक्टर होता हे विसरत नाही. ढिगाने हलके घेऊ नका. एकच घ्या, पण खरे घ्या. परवडत नसेल तर त्याविना राहा. खोट्या दागिन्यात गेलेला पैसा मोडीत काढताना परत येत नाही, सोन्यातला येतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, जी वस्तू तुमची पायरी जाहीर करते तिच्यावर एक पैसाही घालू नका, मग ती कितीही स्वस्त असो. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून लग्नातला भटाचा आणि मानपानाचा खर्च तोडला होताच. महाडला त्या विचाराची दुसरी बाजू पुरी झाली: वाचलेले दोन पैसे कुठे घालायचे?

माझे आजोबा येसकर होते. त्यांनी आयुष्यात वहाणांचे जोड दोनच घेतले असे घरात सांगत. पहिला जोड अकरा वर्षे टिकला. चांभाराची कारागिरी उत्तम होती हे खरेच. पण दुसरे कारण असे की, गावात शिरताना, चावडीवरून आणि पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना त्या काढून हातात घ्याव्या लागत. पायांपेक्षा त्या बगलेतच जास्त राहिल्या. टिकाऊपणाचे हे कारण कोणत्याही गिऱ्हाईक-मार्गदर्शिकेत सापडणार नाही.

वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, मुंबई गाठली आणि गिरणीत लागले. रिंग खात्यात. जास्त पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तो धोटा सवर्ण कामगाराला विटाळाचा होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. तरी खात्यांतली ही विभागणी पुढे बरीच वर्षे मोडली नाही. म्हणजे ज्या शहरात देशाचे उत्तम कापड विणले जात होते, तेथे आमची माणसे सूत काततील पण कापड विणणार नाहीत, आणि त्या पगारात विकत घेतील तर मांजरपाट. तरीही दादा मुंबईला फार मानत. का, ते त्यांनी मला एकदा सांगितले. पहिल्या पगारानंतर ते कापडाच्या दुकानात शिरले. दुकानदाराने ठाण समोर टाकले आणि म्हणाला, हात लावून बघा. दादा म्हणत, "त्यानं जात इचारली न्हाई. हात लावा म्हनला." सदऱ्याचे कापड त्यांनी दोन घटका चाचपले आणि घेतले नाही. तो न घेण्याचा आनंद ते शेवटपर्यंत सांगत.

दादांची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. तिच्यात मला एक धोरण दिसते, जरी त्यांनी ते कधी धोरण म्हणून मांडले नाही. धान्य साधे, पण निवडून घेतलेले. अंथरूण-पांघरूण जुन्या कापडांच्या गोधड्यांचे. घरात नेसायचे-घालायचे हलके. बाहेर जायचा एक जोड मात्र चांगला. मुलांच्या वह्या जाड कागदाच्या, कारण पातळ कागदावर शाई फुटते आणि पाठची बाजू वाया जाते. एका जाड वहीत दोन पातळ वह्यांचे काम होते, हे त्यांनी वहीत चक्क आकडे मांडून ठरवले आहे. मी मॅट्रिकला बसलो तेव्हाचे फाउंटन पेन चांगल्या निबेचे होते. भाऊबंदांच्या लग्नात अहेर जेमतेम. जत्रेला शून्य. १९५६ च्या ऑक्टोबरच्या पानावर नागपूरचे तिकीट, आईसाठी पांढरे लुगडे, स्वतःसाठी पांढरा सदरा. आणि त्या महिन्यात तंबाखूची नोंद नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक फोटोफ्रेम आहे, सागवानी, काचेची.

या वहीवर फार भाळूनही चालणार नाही. तिच्यात उधारीची पाने आहेत. गिरणी कामगार महिन्याच्या शेवटी वाण्याकडून उधार आणी, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला माल निवडायचा हक्क नसतो. गावच्या पायरीची जागा येथे उधारीच्या खातेवहीने घेतली. मिळेल ते घ्यायचे, आणि भाव तो सांगेल तो. चांगल्या प्रतीची वस्तू अंती स्वस्त पडते हे गरिबाला कळत नाही असे नव्हे. ती एकरकमी घ्यावी लागते आणि त्याच्याजवळ एकरकमी कधीच नसते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो मिळाला तेव्हा तर निवडीचा प्रश्नच मिटला. लाखो लोकांनी तो गिळला. त्या वर्षी आजीने सूप भिंतीला टांगून ठेवले, म्हणाली, ह्यातलं काय काढू आन् काय ठेवू.

आणखी एक गोष्ट लिहिणे मला भाग आहे. त्या वहीत आईच्या हातात रोज असणारी एकही चांगली वस्तू नाही. चाळीच्या खोलीत ती ओल्या लाकडाच्या भुशाच्या शेगडीवर रांधत होती. धुराने तिचे डोळे सुजत. वातीचा एक स्वस्तातला स्टोव्ह होता तो भडकायचा. कापडाच्या इस्त्रीला पैसे होते, कारण सभेला जायचे असे. १९७४ साली एके रात्री ती दादांना म्हणाली, "आवं, चारचौघांत दिसतंय त्ये समदं चांगलं, आन् जे मला एकटीलाच दिसतंय त्ये हलकं. आसं का?" दादा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पितळी टाकीचा, पंपाचा चांगला स्टोव्ह घेऊन आले. तो स्टोव्ह पुढे एकोणीस वर्षे चालला. आई गेल्यावर तो मोडीत द्यायला मी नकार दिला.

आपल्या चळवळीने वेशाचा, पुस्तकाचा, फोटोचा दर्जा सांभाळला. चुलीचा सांभाळला नाही. दिसण्याची लढाई निकडीची होती, हे मी मान्य करतो. सबंध गाव आपल्याला हलके ठरवू पाहत असताना बाहेर घालायचा सदरा हे चिलखतच होते. पण त्या हिशेबात झीज कोणाच्या शरीराची होते आहे, हा रकाना आम्ही आखलाच नाही. त्या मुलीच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर येथून सुरू होते. जी वस्तू शरीराला रोज लागते, डोळ्याला, पायाला, पाठीला, फुप्फुसाला, तेथे काटकसर करू नये. आणि ते शरीर घरातल्या कोणाचे आहे हे आधी पाहावे.

दुसरे उत्तर बाबासाहेबांच्या पुस्तकांत सापडते. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या बडोदा शिष्यवृत्तीवर, आणि त्यातून घरीही पैसे पाठवीत. तेथे त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली असे चरित्रकार सांगतात. ती बहुतेक जुनी पुस्तके होती. येथे थांबून विचार केला पाहिजे. पोटाला चिमटा घेऊन पैसा घातला तो मजकुरावर. कोऱ्या पुठ्ठ्यावर घातला नाही. पुस्तक वापरलेले असले म्हणून त्यातले अर्थशास्त्र शिळे होत नाही. दर्जा आणि नवेपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आजच्या बाजाराला आपण विसरावे असे वाटते. १९१७ च्या जुलैत ते ग्रंथ आणणारे जहाज पाणतीराने बुडाले. माणूस खचला नाही. पुन्हा जमवू लागला, आणि पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. त्याच माणसाचा सूट उत्तम शिवणीचा असे, पेन उत्तम असे. त्यावरून त्यांना साहेबी थाटाचे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. ज्यांना हवे ते नेसायची मुभा पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांनी पंचा नेसावा. तो त्यांचा प्रश्न.

आजचे चित्र काय आहे? २०१० साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त उत्तर प्रदेशातल्या दोन विकासगटांच्या पाहणीवर एक लेख आला होता. दलित घरांत १९९० आणि २००७ मध्ये टूथपेस्ट, शाम्पू अशा वस्तूंचा वापर किती बदलला हे त्यात मोजले होते आणि त्यातून सामाजिक बदल दाखविला होता. त्या लेखाची आपल्याकडे थट्टा झाली, शाम्पूने का जात जाते म्हणून. मला ती थट्टा पटत नाही. झानूच्या घागरीची थट्टा आपण करतो का? पण त्या लेखाने न विचारलेला एक प्रश्न मात्र आहे. शाम्पूची पुडी गरिबाला परवडते असे वाटते, कारण ती एक-दोन रुपयांना मिळते. पण एकाच वेळी थोडेथोडे घेत राहणारा माणूस कायम बाजाराच्या मर्जीवर राहतो. उधारीची वही गेली आणि दाराच्या चौकटीला पुड्यांची माळ लटकली.

आणि पायरी अजून आहे. २०१८ च्या जून महिन्यात अहमदाबाद जिल्ह्यातच एका तेरा वर्षांच्या दलित मुलाला मारहाण झाली; त्याने पायात मोजडी घातली होती. झानूपासून त्र्याऐंशी वर्षे झाली होती. जिल्हा तोच. घागरीच्या जागी मोजडी आली, एवढेच.

पादत्राणाचा विषय निघालाच आहे तर कोल्हापुरी चपलेबद्दल लिहिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. ढोर समाजाने बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमवावे, चांभार समाजाने ते कापावे, ठोकावे, वेणी घालावी, चामड्याच्याच वादीने शिवावे. खरी कोल्हापुरी कमावलेल्या कातड्याची असते, खिळ्याशिवाय उभी राहते, पायाच्या घामाने मऊ होत जाते आणि वर्षानुवर्षे टिकते. २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्रातले आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे धरून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच घडणीच्या चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचे नावही न घेता. निषेध झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे तिने मान्य केले. ज्या हातांना गावाने दारात उभे केले नाही, त्या हातांच्या कामाला जगातला उंची गिऱ्हाईक भुलतो. पण कोल्हापुरात त्याच चपलेसाठी आपलेच नोकरदार लोक घासाघीस करतात, आणि तिच्या शेजारी टांगलेली रेग्झिनची नक्कल निम्म्या किमतीत घेऊन समाधानाने जातात. मीही पूर्वी केली आहे. दादा मात्र चांभारापाशी कधीच घासाघीस करीत नसत. दर्जासाठी दिलेला जादा पैसा ज्याने दर्जा घडविला त्याच्या हातात पडतो की मधल्यामध्ये जिरतो, हेही खरेदी करताना विचारायला हवे. माझ्या उत्तरात हे तिसरे कलम मी घातले आहे. तिन्ही कलमे एकाच वस्तूत नेहमी जुळतात असे नाही. स्टोव्ह कोणी घडविला होता, मला ठाऊक नाही.

दादांच्या गिरणीचा भोंगा १९८२ च्या संपात बंद पडला तो पुन्हा वाजला नाही. वहीची शेवटची पाने त्या काळातली आहेत. पगार नाही, मिळकत नाही, आणि तरी जून १९८२ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेच्या बुटांची नोंद आहे. त्यापुढे कंसात एकच शब्द आहे: कातडी.

शिबिर संपल्यावर ती विद्यार्थिनी फाटकापाशी भेटली. तिच्या पायात बूट होते, वक्त्यांनी सांगितलेल्या जातीचे, महागडे. एस.टी. थांब्यापासून तिची वस्ती अडीच मैल आत आहे, रस्ता खडीचा, येता-जाता चालत. पूर्वीचे तीन जोड वर्षात फाटले होते, असे तिने सांगितले. शिष्यवृत्तीच्या पैशातून हा घेतला होता, आणि दिवसभर ती पाय बाकाखाली ओढून बसली होती. मी म्हटले, "बघू." तिने एक बूट काढून माझ्या हातात दिला. मी तळवा वाकवून पाहिला, टाच दाबली, आतली शिलाई बोटाने चाचपली. शिलाई दुहेरी होती. तिला म्हटले, "टाचेपाशी जरा कमी आहे, पण माल चांगला आहे. केवढ्याला घेतलास?"